डबीतल्या अकरा माश्या

एका पत्राला मी एकोणीस वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं, पत्ताही स्वच्छ वाचता येत होता आणि लिहिण्याचा मला कंटाळाही नव्हता. पत्र होतं एका प्राथमिक शाळेतल्या बाईंचं. आखीव कागदाची दीड पानं, निळी शाई, आणि फळ्यावर लिहायची सवय असलेल्या माणसाचं असतं तसं मोठं, सरळ अक्षर. सुरुवातीला त्यांनी माझे आभार मानले होते.

आभार माझ्या पुस्तकाबद्दल होते. 'माझ्या' हा शब्द लिहिताना आजही हात अडखळतो. मी एका छापखान्यात मुद्रितं तपासायचो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं एवढंच मला येत असे. आमचे मालक मुलांसाठी छोटी पुस्तकंही काढत. 'पानगळीच्या बारा सहली' हे अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तक त्यांनी निसर्गाच्या एका जाणकाराला लिहायला दिलं होतं. त्या गृहस्थांनी ऐन वेळी अंग काढून घेतलं. कागद येऊन पडला होता, शाळांच्या मागण्या नोंदवून झाल्या होत्या. मालक माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले की तुम्ही एवढं वाचता, मग तुम्हीच का नाही लिहीत. मला नाही म्हणता येत नाही. लोक याला चांगुलपणा समजतात. तो निव्वळ भिडस्तपणा आहे.

ग्रंथालयातून मी सात पुस्तकं आणली आणि पंधरा दिवसांत त्यातून आठवं तयार केलं. त्या पंधरा दिवसांत घरापासून छापखान्यापर्यंत आणि छापखान्यापासून घरापर्यंत, याशिवाय मी कुठेही गेलो नाही. ओलसर हवेत मला शिंका येतात. झाडं मला खिडकीतून आवडतात.

एकतिसाव्या पानाचा खालचा भाग रिकामा राहिला. अशा वेळी छापखान्यात जुन्या चित्रांचे ठसे कामाला येत. ते एका कपाटात धूळ खात पडलेले असत. मी त्यातला एक उचलला. त्यात एक रुंद पान होतं आणि पानाच्या पाठीवर वाटाण्याएवढे सात-आठ गोल. ठसा कुठल्या पुस्तकातला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चित्र बसवलं, तरी त्याखाली चार ओळी कमी पडत होत्या. मी लिहिलं:

'काही झाडांना पानांवरच छोटी गोल फळं धरतात. ती अलगद तोडून पत्र्याच्या डबीत ठेवा. ती हिवाळाभर टिकतात. थंडीत डबी उघडलीत की पानगळीची आठवण येईल.'

चार ओळी बरोबर बसल्या. मला बरंही वाटलं. शेवटची ओळ तर मला जरा साधलीच असं वाटलं होतं.

बाईंनी लिहिलं होतं की त्यांच्या वर्गाने पुस्तकातल्या आठ सहली केल्या. एकतिसाव्या पानावरची फळंही मुलांना सापडली. ती तोडून त्यांनी डबीत घातली आणि डबी वर्गाच्या खिडकीत ठेवली. एका थंड सकाळी उघडली तर प्रत्येक फळाला टाचणीने पाडावं तसं भोक होतं, आणि डबीत अकरा माश्या होत्या. अगदी बारीक, काळ्या, अर्ध्या मेलेल्या. वर्गातली अठ्ठावीस मुलं तेव्हापासून एकच विचारत होती, की झाकण लावलेल्या डबीत, फळातून माश्या कशा निघाल्या. पत्राचा शेवट असा होता: 'हे झाड आपण कुठे पाहिलंत ते कळवावं. जमल्यास मुलांना घेऊन तिथेच यावं असा विचार आहे.'

कुठे पाहिलंत. मी उत्तर लिहायला सात वेळा बसलो. एकदा तर 'आपलं पत्र पोचलं' इथपर्यंत मजल गेली. मग लाज वाटली म्हणून राहिलं, मग उशीर झाला म्हणून राहिलं, आणि पुढे उशीर इतका झाला की उशिराबद्दल क्षमा कशी मागायची तेच सुचेना. बायको होती तोवर दर पानगळीत विचारायची, लिहिलंत का त्या बाईंना. ती गेल्यावर विचारणारं कुणी उरलं नाही.

यंदा पानगळीच्या सुट्टीत लेकीने तिची दोन्ही मुलं माझ्याकडे आणून सोडली. ती दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. तिथली एक जण आजारी पडल्यामुळे तिला सकाळ-दुपार काम पडलं होतं. मुलांना टीव्हीसमोर बसवू नका, बाहेर काढा, तुम्हीही जरा उन्हात जा, बुरशी यायची वेळ आली आहे, असं मला बजावून ती गेली.

थोरली नात नऊ वर्षांची. तिला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती एका जागी ठरत नाही. धाकटा पाच वर्षांचा. तो दिसेल त्यावर चढतो म्हणून हुप्प्या. पहिल्याच सकाळी हुप्प्या माझ्या पुस्तकांच्या मांडणीवर चढला, वरच्या फळीवरचं काहीबाही खाली आलं, आणि त्यात ते अठ्ठेचाळीस पानांचं पुस्तकही होतं. भिंगरीने मुखपृष्ठ वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग परत मुखपृष्ठ वाचलं. तिच्या आजोबांचं नाव छापलेलं पुस्तक असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

तिने विचारलं की या बारा सहलींपैकी तुम्ही किती केल्यात.

"बऱ्याच," मी म्हणालो.

खरं तर 'एकही नाही' हे म्हणायला मला तेवढाच वेळ लागला असता. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने पाहत होती, तशी नजर माझ्या वाट्याला फारशी आलेली नाही. संध्याकाळी तिने फोनवर आईला सांगून टाकलं की आजोबांना जंगलातलं सगळं येतं. पलीकडून लेकीचं हसू मला खोलीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवसापासून सहली सुरू झाल्या. गावाच्या कडेला कालव्याचा बांध आहे आणि त्याला लागून झाडांचा एक मोठा पट्टा, तिथेच. पुस्तकाच्या तिसऱ्या पानावर नियम होते. ते मी एका चांगल्या पुस्तकातून जसेच्या तसे उचलले होते, त्यामुळे ते चांगले होते. जे झाडाला आहे ते तोडायचं नाही. जे पडलेलं आहे त्यातलंही एका खिशात मावेल तेवढंच घ्यायचं. दगड किंवा ओंडका उचलला तर होता तसा परत ठेवायचा, कारण ते कुणाचं तरी छप्पर असतं. नेलेला कागदाचा कपटाही परत आणायचा. भिंगरीने ते दारातच मोठ्याने वाचले आणि हुप्प्याकडून वदवून घेतले. तो एका खिशाच्या नियमावर खूप वेळ विचार करत होता. तिसऱ्या दिवशी तो माझा जुना कोट घालून आला. त्याचा खिसा त्याच्या गुडघ्यापर्यंत येत होता.

कुठल्या तरी एका सहलीत डोळे मिटून दहा मिनिटं बसायचं आणि ऐकू येतील ते आवाज मोजायचे होते. दहा मिनिटं हा आकडा मी कुठून आणला, देव जाणे. पाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटं गप्प बसवता येतं असं लिहिणाऱ्याने पाच वर्षांचं मूल पाहिलेलंच नसणार. हुप्प्याने दीड मिनिटात चार आवाज मोजले, त्यातले दोन त्याच्या पोटातले. भिंगरीने मात्र पान गळताना आवाज होतो की नाही यावर माझी उलटतपासणी घेतली. मी म्हणालो, होत नसावा. तिने मला वाळक्या फांद्यांच्या जाळीशी नेलं आणि उभं केलं. वारा आला. एक पान देठापासून सुटलं, खालच्या फांदीवर आपटलं, तिथून घसरलं, दुसऱ्या पानाला घासलं आणि जमिनीवर टेकलं. चार वेगळे आवाज होते. मी सत्तरी ओलांडली आहे, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

मला हळूहळू मजा यायला लागली होती, हे कबूल करतो. पाचव्या सहलीत चार काटक्यांचा चौकोन आखून त्यातला पाचोळा थराथराने उचलायचा होता. 'थराथराने' हा शब्द मी किती सहज लिहिला होता. वरची पानं कोरडी, चुरचुरीत. त्यांच्याखाली ओली, एकमेकांना चिकटलेली. त्याखाली नुसत्या शिरा उरलेली, जाळीसारखी, उजेडात धरली तर पलीकडचं हुप्प्याचं नाक दिसावं अशी. आणि सगळ्यांत खाली असं काहीतरी, ज्याला पान म्हणता येईना आणि मातीही म्हणता येईना. नेमकी माती कुठे सुरू होते ते शोधण्यात आम्ही तिघांनी अर्धा तास घालवला. एक राखाडी किडा बोट लावताच गोळी होऊन बसला. पुन्हा उलगडेपर्यंत आम्ही श्वास रोखून होतो. मग सगळे थर उलट क्रमाने परत घातले. उठताना गुडघ्यांनी तक्रार केली, तेव्हा लक्षात आलं की इतका वेळ ती त्यांनी केलीच नव्हती. शिंकही एकच आली.

पण माझ्या जिवाला घोर होता तो भिंगरीच्या पेन्सिलीचा. पुस्तकात लिहिलं होतं की पंख असलेलं बी खाली येताना नेहमी डावीकडे गिरक्या घेतं. तिने तीस बिया बांधावरून सोडल्या. सतरा डावीकडे फिरल्या, तेरा उजवीकडे. तिने पुस्तक उघडलं, 'नेहमी' या शब्दावर काट मारली आणि समासात आकडे लिहिले. जन्मभर मी लोकांच्या मजकुरावर हेच केलं होतं, आणि आता माझ्या डोळ्यांदेखत माझ्यावर तेच चाललं होतं. दर सहलीला एखादी काट पडत होती. ती मला काही म्हणत नव्हती. फक्त एकदा तिने विचारलं, "आजोबा, तुम्ही गेला होतात तेव्हा सगळ्या डावीकडेच फिरल्या होत्या का?" मी म्हणालो की आता नीट आठवत नाही. वेळ मारून नेली.

आठवी सहल एकतिसाव्या पानावर होती. त्या दिवशी मी हवा थंड असल्याचं कारण काढलं. दुसऱ्या दिवशी सुचवलं की थेट नववी घेऊ, तिच्यात तळं आहे. भिंगरी म्हणाली की आठनंतर नऊ येतात आणि आठ अजून झालेले नाहीत. तिच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी मनात म्हणालो, असं झाड इथे असेलच कशाला.

ते पाण्याच्या टाकीमागे होतं, तारेच्या कुंपणाला लागून. माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर. पानं चामड्यासारखी तांबूस झालेली, काही गळलेली, बरीच अजून फांदीवर. भिंगरीने एक खालची फांदी वळवून पानाची पाठ वर केली. कपाटातल्या ठशावरचं ते रुंद पान माझ्यासमोर वाऱ्याने हलत होतं. सात-आठ गोल, वाटाण्याएवढे, एका बाजूने लालसर. ठशात रंग नव्हता. ते इतके देखणे असतील असं मला कधी वाटलं नव्हतं.

हुप्प्याने कोटातून डबी काढली. गोळ्यांची रिकामी डबी त्याने आदल्या दिवसापासून तयार ठेवली होती. भिंगरीने बोट आणि अंगठा एका गोलावर नेला.

"तोडू नकोस," मी म्हणालो.

ती थांबली. पुस्तकात तर तोडा म्हटलंय, ती म्हणाली. मग तिच्या कपाळाला आठी पडली. तिने मागे जाऊन तिसरं पान काढलं, परत एकतिसावं काढलं, आणि दोन्हीत एकेक बोट घालून उभी राहिली. तिसऱ्या पानावर म्हटलंय झाडाचं काही तोडायचं नाही, एकतिसाव्यावर म्हटलंय तोडा. लिहिणारा माणूस एकच आहे ना, असं तिने विचारलं.

तेव्हा मी आयुष्यातलं सगळ्यांत हलकं वाक्य बोललो. मी म्हणालो, "छापताना काहीतरी चूक झाली असेल."

आमच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक म्हातारा होता. तीस वर्षांत त्याने माझ्या एका चुकीचाही बभ्रा केला नव्हता, उलट गुपचूप दुरुस्त करून दिल्या होत्या. मी एका नऊ वर्षांच्या मुलीसमोर माझी मान सोडवायला ती चूक त्याच्या माथी मारली. भिंगरीने मान हलवली. तिला पटलं होतं. त्यामुळेच मला जास्त कानकोंडं झालं.

हुप्प्याने तोवर कुंपणाखालच्या पाचोळ्यातून एक पान शोधून आणलं. गळलेलं होतं, म्हणजे नियमात बसत होतं. त्याच्या पाठीवर तीन गोल होते. दोघांना वाटलं, फोडून पाहावं. आत बी एक असेल की अनेक, यावर पैज लागली. मलाही पाहायचंच होतं. एकोणीस वर्षं मलाही पाहायचं होतं. पेन्सिलीला टोक करायची लहान सुरी माझ्या खिशात असते. टाकीच्या कट्ट्यावर बसून मी एक गोल अलगद मधोमध कापला.

आत बी नव्हतं. सफरचंदासारखा दिसणारा पांढरट गर होता, त्याच्या बरोबर मध्ये एक पोकळ खोली, मोहरी मावेल एवढी, आणि त्या खोलीत एक पांढरी अळी वळून निजलेली. अगदी स्वल्पविरामासारखी. तिने अंग जरासं आक्रसलं.

मग भिंगरीचे प्रश्न सुरू झाले. ही आत कुठून गेली, भोक तर कुठेच नाही. फळ आधी की अळी आधी. ती खाते काय. तिला बाहेर यायचं कधी, ते कळतं कसं. मी एकाही प्रश्नाला उत्तर देऊ शकलो नाही, आणि गंमत म्हणजे पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटत नव्हती. मीही तेच प्रश्न विचारत होतो. माझा चष्मा सुरीच्या पात्याला टेकायचा बाकी होता.

हुप्प्याने विचारलं, "आता ती कुठे राहणार?"

गोलाचे दोन अर्धे माझ्या तळहातावर पडले होते. मी ते एकमेकांना जोडून धरले. बोट काढलं की ते उघडत होते. छप्पर परत ठेवायचं म्हणून मी लिहिलं होतं, पण हे छप्पर परत बसणारं नव्हतं. आणि मला ते अठ्ठावीस मुलांचे हात दिसायला लागले, माझं ऐकून पानांवरून हे गोल खुडणारे. त्या वर्गासारखे आणखी किती वर्ग. पुस्तकाच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या.

मी भिंगरीला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. छापताना चूक झाली नव्हती. चूक माझी होती. मी बारातली एकही सहल केली नव्हती, आयुष्यात पहिली सहल मी आठवड्यापूर्वी तिच्याबरोबर केली. चार ओळी कमी पडत होत्या म्हणून मी त्या रचल्या. मग बाईंचं पत्र सांगितलं, डबी, भोकं, अकरा माश्या, आणि मी उत्तर न दिल्याचंही सांगितलं. बोलताना मी तिच्याकडे पाहत नव्हतो, टाकीच्या भिंतीवरून ओघळलेल्या गंजाकडे पाहत होतो. आता ती पुस्तक मिटून माझ्या हातात देईल असं मला वाटत होतं.

तिने कापलेल्या गोलातल्या अळीकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे अकरा अळ्या होत्या."

मी म्हणालो, असाव्यात.

"मग त्या मुलांना कळलं का पुढे?"

"काय?"

"माश्या कशा आल्या ते. त्यांनी शोधून काढलं असेल ना. अठ्ठावीस जण होते. तुम्ही विचारलं नाहीत त्यांना?"

इतकी वर्षं मी त्या पत्राकडे प्रश्नपत्रिका म्हणून पाहत होतो. त्यात मी नापास होणार, एवढाच माझा विचार. बाईंना आणि मुलांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल, किंवा ते मला काही सांगू शकतील, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. भिंगरीला माझ्या लबाडीचं फारसं काही वाटलेलं दिसत नव्हतं. तिला चुटपुट लागली होती ती वेगळीच. एकोणीस वर्षांपूर्वी कुणीतरी एवढी मोठी गोष्ट पाहिली आणि पुढचं आपल्याला कळलंच नाही. अर्थात ती मला सोडणार नव्हतीच. घरी येताना तिने स्पष्ट सांगितलं की 'बऱ्याच' हे खोटं होतं, आणि खोटं बोलल्याबद्दल यापुढच्या सगळ्या सहलींत पाण्याची बाटली आजोबाच उचलतील.

उरलेले दोन गोल पानासकट आम्ही होते तिथेच ठेवले, वर पाचोळा घालून. कापलेला गोलही शेजारी ठेवला. हुप्प्याने त्यावर एक मोठं पान पांघरलं. त्याने काही उपयोग होईल असं मला वाटत नव्हतं. मी तसं बोललो नाही.

दुपारी तिघं ग्रंथालयात गेलो. किड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात होतं की एक बारीक उडणारा किडा पानात अंडं घालतो आणि मग पान स्वतःच त्या अंड्याभोवती ही गाठ वाढवतं. फळ नव्हेच ते. भाडेकरूसाठी झाडाने स्वतःच्या अंगाने बांधून दिलेली खोली. पुढे आणखी विलक्षण होतं. कधीकधी दुसराच एखादा किडा त्या खोलीत शिरकाव करतो, मूळच्या अळीला खाऊन टाकतो, आणि थंडीनंतर बाहेर पडतो तो हा घुसखोर. म्हणजे बाईंच्या डबीतल्या अकरा माश्या मूळच्या भाडेकरू होत्या की घुसखोर, हे पुस्तक वाचूनही सांगता येत नव्हतं. भिंगरी खुर्चीत उभी राहिली. ग्रंथपालांनी चष्म्यावरून पाहिल्यावर बसली.

रात्रीच्या जेवणाआधी लेक मुलांना भेटायला आली, तेव्हा भिंगरीने सगळं एका दमात सांगितलं. बाईंचं पत्र मी शब्दकोशातून काढून तिच्यापुढे ठेवलं. लेकीने ते उभ्याउभ्या वाचलं, मग बसून परत वाचलं.

"एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "बाबा, त्या पोरांना आता पोरं झाली असतील."

मी म्हणालो की म्हणूनच आता लिहिणं बरं दिसणार नाही. त्या बाई तिथे असतील-नसतील, असल्या तरी त्यांना काय आठवणार, आणि एवढ्या वर्षांनी एका अनोळखी म्हाताऱ्याने पत्र पाठवणं म्हणजे. लेकीने मला वाक्य पुरं करू दिलं नाही. सकाळी कामावर जायच्या आधी मी त्या शाळेच्या कार्यालयात फोन करते, सुट्टीतही तिथे कुणीतरी असतंच, एवढंच म्हणाली. मला फोनवर बोलायला घाम फुटतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक आहे. सकाळी साडेआठला तिचा फोन आला. बाई अजून त्याच शाळेत होत्या, चौथीला शिकवत होत्या, आणि या वर्षअखेरीस निवृत्त व्हायच्या होत्या. शाळेचा पत्ताही तोच. "आता सबब उरली नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी लिहायला बसलो. भिंगरी टेबलाच्या एका बाजूला, हुप्प्या टेबलाखाली. पहिला कागद मी क्षमायाचनेने भरला. भिंगरीने वाचून विचारलं की यात अळी कुठे आहे. दुसऱ्या कागदात अळी आली, पण ग्रंथालयातल्या पुस्तकातला अख्खा उतारा आला. तो मी स्वतःच फाडला. पुन्हा तेच करत होतो मी, दुसऱ्याने पाहिलेलं स्वतःच्या नावावर खपवत होतो. तिसऱ्या कागदावर मी आम्ही पाहिलं तेवढंच लिहिलं.

'आपण विचारलं होतंत, हे झाड मी कुठे पाहिलं. तेव्हा मी ते पाहिलंच नव्हतं. पान भरायला चार ओळी कमी होत्या, म्हणून माझ्या मनाने लिहिल्या. छापणाऱ्यांचा त्यात दोष नाही. काल मी ते झाड पहिल्यांदा पाहिलं, आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीमागे. सोबत माझी दोन नातवंडं होती. गळलेल्या पानावरचा एक गोल आम्ही कापला. आत अळी होती. कापायला नको होता, असं मागाहून वाटलं. आपल्या डबीतून निघाल्या त्या माश्या झाडाच्या पाहुण्या होत्या की त्या पाहुण्यांना खाणाऱ्या, हे मला कळत नाही. आपल्या मुलांनी पुढे काय शोधून काढलं? माझ्या नातीला हे फार जाणून घ्यायचं आहे. मलाही. वर्गात ते पुस्तक अजून असेल तर कृपा करून एकतिसाव्या पानावरच्या त्या चार ओळींवर काट मारावी. आपल्याला उत्तर द्यायला इतका उशीर केला, याला माझ्याजवळ काही कारण नाही. मला लाज वाटत होती.'

शेवटचं वाक्य मी दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा राहू दिलं. भिंगरीने खाली स्वतःचं एक वाक्य घातलं, की त्या माश्यांना किती पंख होते ते कुणी मोजलं होतं का. हुप्प्याने अळीचं चित्र काढलं. ते पाकिटात मावेना इतकं मोठं झालं, म्हणून घडी घालावी लागली. अळीला घडी घातल्याबद्दल तो माझ्यावर थोडा वेळ रुसला होता.

टपालपेटी रस्त्याच्या वळणावर आहे, चप्पल-बूट दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर. दुपारी ऊन चांगलं होतं. पेटीपाशी मी तिकीट नीट चिकटलंय का ते पाहिलं, पत्ता पुन्हा वाचला, पाकीट उलटं करून माझा पत्ता वाचला. दोन्ही बरोबर होते. पाकीट पेटीच्या फटीत अर्धं सरकवलं. मग मला वाटलं की 'कृपा करून' ऐवजी 'कृपया' बरं दिसलं असतं. शिवाय बाईंना वर्षअखेरीस किती कामं असतील, आणि त्यात हे.

चांभार हातातलं काम थांबवून आमच्याकडे पाहत होता. हुप्प्या पेटीच्या खांबावर अर्ध्यापर्यंत चढला होता.

"आजोबा," भिंगरी म्हणाली, "सोडा ना आता."

मी सोडलं.